दोन म्हाताऱ्या आणि एक पुरचुंडी

मित्रांनो, दारामागच्या त्या खिळ्याला लटकलेलं काळं, तेलकट गाठोडं दिसतंय ना, तीच मी. एक जुनी पुरचुंडी. नाक कशाला दाबताय? माझ्या वासाला नावं ठेवणारे एक दिवस कंबर धरून माझ्याकडेच येतात, हे मी फार वेळा पाहिलंय.

मी मूळची मैद्याचं पोतं. बेकरीत एक पोतं रिकामं झालं आणि आत्यानं त्याचा चांगला घट्ट विणीचा कोपरा कातरून घेतला. आत्या म्हणजे बेकरीवाल्याची आत्या. भट्टी भाच्याची, पण पावाची गाडी आत्याची. ती गाडी ओढायची मिरची. मिरची ही घोडी. रंगानं लाल आणि स्वभावानं त्याहून लाल. एकदा तिनं रस्त्यातल्या एका माणसाची टोपी खाल्ली आणि वर ‘दुसरी कुठाय?’ अशा नजरेनं त्याच्याकडे बघत उभी राहिली. तो माणूस अजून त्या रस्त्यानं जाताना डोक्यावर हात ठेवतो.

त्या गावाला एक चढ होता. सरळ आभाळात जाणारा. इतका उभा की वरच्या घरातून बटाटा सुटला, तर खालच्या घरात पोचेपर्यंत त्याची सालं निघालेली असायची. त्या चढावर मिरची वर्षानुवर्षं गाडी ओढत राहिली आणि आत्या दर दाराशी गाडीवरून उडी मारून पाव देत राहिली. शेवटी दोघींचे सांधे त्या चढानं खाल्ले. सकाळी मिरची तबेल्यातून बाहेर पडताना मागचे पाय लाकडी असल्यासारखे टाकायची. आत्या खाटेवरून उतरताना ‘आई गं’ म्हणायची आणि कुणी बघितलं तर म्हणायची, “काही नाही रे, आईची आठवण आली.”

तबेल्यामागे निर्गुडीचं कुंपण होतं. हाताच्या बोटांसारखी फाकलेली पानं, वरून हिरवी, खालून पांढुरकी. चुरगळली की असा उग्र वास की शिंक रस्ता चुकते. आत्या ती पानं ओरबाडायची, भट्टीच्या तोंडाशी लोखंडी पत्र्यावर तेलात परतायची, वर मूठभर जाडं मीठ टाकायची आणि सगळं माझ्या पोटात भरून तोंड करकचून बांधायची. मग मला त्याच पत्र्यावर तापवायची.

तापवून झालं की पहिल्यांदा मला स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायची. तिथली कातडी पातळ, तिला खोटं बोलता येत नाही. मनगटाला सोसलं, तरच मी मिरचीच्या गुडघ्यावर, मग मागच्या पायाच्या सांध्यावर, मग मागच्या मांसल पुठ्ठ्यावर जायची. शेकता शेकता मिरचीचा खालचा ओठ सैल पडून लोंबायला लागायचा. घोड्याचा ओठ लोंबला की समजायचं, बाईसाहेब खूश आहेत. आणि उरलेली ऊब आत्याच्या गुडघ्याला.

तेव्हा काय थाट होता माझा! शेजारपाजारचे मला मागून न्यायचे. एकदा कुणीतरी मला रात्रभर लंगड्या स्टुलावर विसरलं, तर सकाळी ते स्टूल चालत अंगणात गेलेलं. खोटं वाटतंय? स्टूल अजून अंगणातच आहे, जाऊन बघा.

पण एक गोष्ट मी शपथेवर सांगते. झिजलेला सांधा मी कधी नवा केला नाही. ते मला जमत नाही, निर्गुडीलाही जमत नाही. आम्ही दुखणं थोडं सैल करतो. एवढ्यानं त्या दिवसाचा चढ चढता येतो.

पुढं भाच्यानं पावासाठी टेम्पो घेतला. मिरचीची गाडी सुटली. आत्यासाठी मलमाची ट्यूब आली, पाठोपाठ गरम पाण्याची रबरी पिशवी आली. लालभडक, गुबगुबीत, तोंडाला स्क्रूचं बूच. आल्या आल्या माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी काही थोरल्या घरची सून. मी खिळ्यावर गेले. एका कोळ्यानं माझ्या पाठीवर घर बांधलं, तिथंच त्याची लेकरं झाली, तिथंच ती मोठी झाली. मला मात्र कुणी हात लावला नाही.

आणि मग मित्रांनो, ती थंडी आली.

कसली थंडी सांगू! बादलीतलं पाणी सकाळी बादलीसकट उचलून उलटं केलं तरी सांडत नव्हतं. मिरचीचे सांधे पार आखडले. तिचे हाल बघून भाच्याचा जीव तुटत होता. आता भाचा पडला बेकरीवाला. बेकरीवाल्याला जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध माहीत, ऊब. कणीक फुगत नाही? उबेला ठेवा. आत्याला सर्दी झाली? उबेला बसवा. बायको रुसली? तिलाही भट्टीपाशी खुर्ची. त्यानं भट्टीमागची सरपणाची खोली रिकामी केली आणि मिरचीला तिथं आणून ठेवलं. त्या खोलीची एक भिंत म्हणजे भट्टीचीच पाठ, चोवीस तास कोमट.

“अरे, खोली अरुंद आहे,” आत्या म्हणाली.

“असू दे की आत्या. तिला कुठं नाचायचंय आता? पाठीला ऊब मिळेल.”

“घोड्याला आडवं व्हायला जागा लागते, बाबा.”

“तू खाटेवर आडवी होतेस ना? तेवढीच तुझी खाट आहे.”

“मी घोडा आहे का?”

“लाथा तशाच मारतेस.”

यावर त्याची बायको, म्हणजे आत्याची भाचेसून, फणकारली. तिला घरात सगळे सूनबाईच म्हणायचे. “छान! आता भट्टीच्या पाठीला लीद. पावावर माशा बसल्या की मला सांगू नका. मी कंटाळले या घोडीला.”

त्या खोलीच्या दारामागचा खिळा म्हणजे माझाच खिळा. म्हणून पुढं जे घडलं, ते मी सगळं वरून पाहिलं.

सकाळी पहिली खेप निघाली होती, दुसरी भट्टीत जात होती. एवढ्यात भिंतीतून धाड्‌कन आवाज आला. पावाच्या पत्र्यांनी जागच्या जागी उडी मारली. पुन्हा धाड्‌. मग नखांनी पाटी खरवडावी तसा आवाज.

दुखरा पुठ्ठा कोमट भिंतीला लावायला मिरची आडवी झाली होती. कूस बदलताना त्या अरुंद जागेत ती उलटी झाली आणि चारी पाय दुमडून भिंतीशी अडकले. पाठ एका भिंतीला, टापा दुसऱ्या भिंतीला. हात-पाय बांधून पेटीत कोंबलेल्या माणसासारखी गत. ती टापा मारायची, टापांना रेटा मिळायचा नाही, पाठ आणखी रुतायची.

तुम्हाला वाटेल, झोपली तर झोपली, त्यात काय एवढं? मित्रांनो, घोड्याचं अंग इतकं जड असतं की फार वेळ आडवं राहिलं तर ते स्वतःच स्वतःला चिरडतं. खालचा स्नायू बधिर होतो, पोट फुगतं, श्वास तोकडा पडतो. म्हातारा घोडा पडला की घड्याळ सुरू होतं.

“आत्या! मिरची पडली गं!” भाचा धावतच आत शिरला.

“थांब तिथंच!” आत्या दारातून ओरडली. “पायांकडून जाऊ नको, गाढवा. लाथ बसली तर एकाच्या जागी दोन पेशंट होतील. डॉक्टरीणबाईंना फोन लाव.”

जनावरांच्या डॉक्टरीणबाई दोन गल्ल्या सोडून राहायच्या. आल्या त्या उलटा स्वेटर घालूनच. गुडघ्यावर बसून त्यांनी मिरचीच्या हिरड्यांवर बोट दाबलं, पोटाला नळी लावली, ऐकलं. मग दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, “आधी भिंतीपासून सोडवू. दोर आहे का? मैद्याची भरलेली पोती आणा. रिकामीही आणा, जमिनीवर पसरायला. पाय घसरायला नको.”

दोर आला. डॉक्टरीणबाईंनी लांबूनच काठीनं तो पायांत अडकवला. भाचा आणि सूनबाई ओढायला लागले. सूनबाईच्या बांगड्या वाजत होत्या, भाच्याच्या मानेच्या शिरा दोरासारख्या तटतटल्या होत्या. मिरचीनं असा आवाज काढला की माझ्या पाठीवरचा कोळी खाली पडला. एक झटका, दुसरा झटका, आणि ती कुशीवरून कुशीवर वळली. पाय मोकळे झाले. लगेच पोती लावून तिला छातीवर टेकवून बसवलं, पुन्हा कलंडू नये म्हणून.

“शाब्बास! आता उठेल,” भाचा म्हणाला.

मिरचीनं पुढचे पाय पसरले. मान वर फेकली. पुढचं अंग उठलं. मागचे पाय थरथरले, अर्धे उभे राहिले, आणि मग खालून कुणी काढून घेतल्यासारखे गेले. ती कोसळली. पोतं फुटलं. मैद्याचा ढग उठला आणि त्यात कुणालाच कुणी दिसेना.

ढग बसला तेव्हा मिरचीनं मान जमिनीवर टाकलेली होती. डोळे मिटलेले होते.

भिंतीपलीकडं भट्टी घुमत होती तेवढीच.

“मागचं अंग बधिर झालंय, ताठलंय,” डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. “सांधे तर आधीपासूनच जुने. आपण तिला उचलू शकत नाही. उठायचं तिनं स्वतःच. पण पडली की घोड्याचं मन खचतं. आता पुन्हा प्रयत्न करेल की नाही, सांगता येत नाही.”

“आणि नाही केला तर?” भाच्यानं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी भट्टीच्या भिंतीकडे पाहिलं. “आत काय आहे आत्ता?”

“दुसरी खेप. पाव.”

“ती निघेपर्यंत थांबू. त्यानंतर तिला असं ठेवणं म्हणजे तिचे हाल करणं. मला ते करता येणार नाही, आणि तुम्हीही करू नका.”

त्यांनी पिशवीतून एक छोटी डबी काढली आणि दाराजवळच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. बरोबर माझ्याखाली. तिच्यात काय आहे, कुणी विचारलं नाही. कायमचं झोपवायचं औषध, हे सगळ्यांना कळलं होतं.

“मीच आणलं तिला इथं,” भाचा भिंतीकडं तोंड करून म्हणाला. “मीच.”

“रडायचंय तर नंतर रड,” आत्या म्हणाली. “डॉक्टरीणबाई, शेक दिला तर चालेल?”

“द्या. स्नायू सैल होतील तेवढे हवेच आहेत. पण भाजायला नको हं. चटका बसला आणि तिनं झटका दिला, तर काहीतरी मोडेल. मग सगळंच संपलं.”

सूनबाईनं पळत जाऊन रबरी पिशवी आणली. ती बया मिरचीच्या पुठ्ठ्यावर ठेवली की घरंगळून खाली. पुन्हा ठेवली, पुन्हा खाली. म्हाताऱ्या घोडीचा पुठ्ठा म्हणजे नुसते खळगे आणि उंचवटे, तिथं गुबगुबीत माणसाचं काम नाही.

“माझी पुरचुंडी कुठाय?” आत्या म्हणाली.

मित्रांनो, माझं नाव निघालं आणि माझा धागान्‌धागा ताठ झाला. पण खरं सांगते, आनंद झाला नाही. भीती वाटली. इतक्या वर्षांनी बोलावलं, तेही अशा वेळी! भाच्यानं मला खिळ्यावरून ओढून काढलं, कोळ्याचा उरलासुरला संसार उघड्यावर पडला. सूनबाई कुंपणाकडं पळाली आणि पदर भरून निर्गुडी घेऊन आली, निम्मी पानं, निम्म्या काटक्या. पानं परतली, मीठ पडलं, माझं पोट भरलं, तोंड बांधलं. भाच्यानं मला पत्र्यावर टाकलं.

आणि तिथंच गडबड झाली. घाईघाईत त्यानं मला भट्टीच्या पार आत सारलं. मी ओरडणार कशी? माझ्या एका कडेला लाल ठिणगी धरली. धूर निघाला. त्यानं मला चिमट्यानं बाहेर काढलं, ठिणगी बोटानं विझवली आणि तसाच धावत सुटला, थेट मिरचीच्या पुठ्ठ्याकडं. मी इतकी तापले होते की माझ्या पोटातलं मीठ तडतडत होतं. एक वीत अंतर राहिलं. आता मी टेकणार, ती झटका देणार, आणि सगळं संपणार.

“आधी मनगट!” आत्यानं त्याचा हात हवेतच धरला आणि मला त्याच्याच मनगटावर टेकवलं.

“आई गं!” भाचा कळवळला.

“आठवण आली ना आईची? तिलाही आली असती. आण इकडं.”

आत्यानं मला फुंकर घातली, या हातातून त्या हातात केलं, पुन्हा मनगटाला लावलं. मग वाकायला गेली, पण गुडघे वाकेनात. मिरची जमिनीवर, आत्या उभी, मध्ये हातभर अंतर. भाच्याची घाई नुकतीच बघितली होती, त्याच्यावर कुणाचा भरवसा नव्हता. सूनबाईला भट्टी सांभाळायची होती. डॉक्टरीणबाई मिरचीची मान धरून होत्या.

आत्या गेली कित्येक वर्षं जमिनीवर बसली नव्हती. तिनं एकदा सगळ्यांकडं बघितलं, पदर खोचला आणि भिंतीला पाठ लावून घसरत खाली आली. दोन्ही गुडघ्यांतून टोस्ट मोडल्यासारखे आवाज आले.

“आत्या, तुला उठता येणार नाही गं!” भाचा म्हणाला.

“मग? आम्ही दोघी आहोत ना.”

तिनं मला पुठ्ठ्यावर टेकवलं. बाई गं! ते अंग होतं की दगडी पाटा! कणकेला हात लावला की बेकरीवाल्याला कळतं, तसं मला स्नायूचं कळतं. त्या अंगात काही हलत नव्हतं. मी माझी सगळी ऊब ओतली. गार पडले की सूनबाई मला न्यायची, मी येईपर्यंत दुसरी पुरचुंडी असायची, तिनं आपल्या डोक्याचा रुमाल सोडून बांधलेली. एक पत्र्यावर, एक घोडीवर. भाचा मिरचीच्या पायांची मालीश करत होता, कणीक मळावी तशी, आणि त्याच्या नाकाचं पाणी मिरचीच्या टापेवर गळत होतं.

आत्या तिच्याशी बोलत होती. “ऐकतेस ना, भवाने? मला कळतंय कुठं दुखतंय. इथं ना? आणि इथं. मलाही तिथंच दुखतं. एवढा एकदा उठायचा त्रास घे. मी काही रोज सांगणार नाही.”

मिरचीचा एक कान हलला. फक्त एक. आत्याच्या बाजूचा.

आणि मग, मित्रांनो, त्या दगडाच्या आत मला एक बारीकशी थरथर लागली. गोठलेल्या पाण्याखाली पाणी वाहतंय अशी. मी गप्प राहिले. म्हणजे मी नेहमीच गप्प असते, पण त्या वेळी ठरवून गप्प राहिले.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा हिरड्यांवर बोट दाबलं. त्यांचा चेहरा उतरला. “श्वास आखूड होतोय,” त्या म्हणाल्या. मग दाराकडं बघून विचारलं, “सूनबाई, भट्टी निघाली का?”

“नाही अजून,” पलीकडून आवाज आला.

थोडा वेळ गेला. मी दोनदा तापून आले.

“निघाली का?”

“नाही.”

आता वास यायला लागला. आधी खरपूस, मग जास्तच खरपूस, मग कडू. भाच्यानं मान वर केली. बेकरीवाल्याचं नाक ते, झोपेतही चुकायचं नाही.

“अगं, पाव जळतायत!”

डॉक्टरीणबाईंनी डोळे बारीक केले. “सूनबाई, पाव जळतोय ना?”

सूनबाई दारात येऊन उभी राहिली. हात कमरेवर, चेहरा भट्टीसारखा लाल. हीच बरं का ती, मिरचीला कंटाळलेली. “जळतोय. जळू दे. तुम्ही म्हणालात, भट्टी निघेपर्यंत. मी काढलीच नाही, तर निघेल कशी?”

“अहो, पण...”

“मी नाही काढणार.”

डॉक्टरीणबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी उलट्या स्वेटरच्या बाह्या वर सारल्या, मिरचीच्या छातीला खांदा लावला आणि म्हणाल्या, “शेकत राहा, आत्याबाई.”

धूर भिंतीच्या फटींतून आत यायला लागला. निळसर, कडवट. भाचा खोकला, आत्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी पुठ्ठ्यावर होते, म्हणून मला सगळ्यांच्या आधी कळलं. तो पाटा एकदम जिवंत झाला. मिरचीनं डोळे उघडले. नाकपुड्या वाटीएवढ्या झाल्या. घोड्याला आगीचं भय किती असतं, हे ज्यानं घोडा पाळलाय त्याला विचारा. तिनं कान मागे टाकले, मान फेकली, पुढचे पाय रोवले.

“ती उठतेय!” डॉक्टरीणबाई ओरडल्या. “आत्याबाई, बाजूला व्हा!”

बाजूला कशी होणार? ती तर खिळल्यासारखी बसलेली. वर मिरचीचा पहाड उचलला जातोय, घसरला तर थेट तिच्या मांडीवर. भाच्यानं झेप घेतली, आत्याच्या काखेत हात घातले आणि तिला मैद्याच्या पोत्यासारखं सरकन मागे ओढलं. त्या ओढाताणीत मी खाली पडले, बरोबर मिरचीच्या मागच्या टापेपाशी.

टाप उचलली. टाप आली. माझ्या कडेवर पडली, पसरलेल्या पोत्यावर घट्ट रुतली. माझी शिवण उसवली, निम्मी पानं बाहेर आली. पण टाप घसरली नाही. दुसरी टाप आली. गुडघे थरथरले. खाली जातात की काय, खाली जातात की काय... डॉक्टरीणबाई एका बाजूनं खांदा देऊन, भाचा दुसऱ्या बाजूनं, सूनबाई शेपटी धरून, आणि कुणाचाच श्वास चालू नाही.

मिरची उभी राहिली.

वाऱ्यातल्या पानासारखी कापत होती, पण चार पायांवर होती. मग तिनं पाय फाकवले आणि धबधब्यासारखी मुतली. इतकी की माझ्या मते खालच्या गल्लीत पूर आला. ती अंग सुटल्याची खूण, त्या आवाजानं डॉक्टरीणबाईंचा जीव भांड्यात पडला. “वा! वा! शाब्बास!” असं कुणाच्या मुताला म्हटलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. भाचा मिरचीच्या गळ्यात पडला. सूनबाई तिच्या शेपटीत तोंड खुपसून रडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी ती छोटी डबी उचलून पिशवीच्या तळाशी टाकली.

सगळे रडत होते, हसत होते, मिरचीला थोपटत होते. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

“झालं का कौतुक? आता मला कोण उठवणार? की मलाही धूर करायचाय?”

मग तिघांनी मिळून आत्याला उठवलं. मिरचीपेक्षा तिलाच जास्त वेळ लागला, कारण मिरची उठताना शिव्या देत नव्हती.

त्या दिवशी गावाला पाव मिळाला नाही. गिऱ्हाईक आलं की सूनबाई कोळशासारखे पाव दाखवायची. “जळले कसे?” कुणी विचारलं, तर म्हणायची, “मुद्दाम जाळले. उद्या या.”

घोडीला कुणी उठवलं, यावर त्या घरात अजून भांडण आहे. डॉक्टरीणबाई इंजेक्शनचं नाव घेतात. भाचा मालीशचं. सूनबाई धुराचं. आत्या म्हणते, मी सांगितलं म्हणून उठली. मी म्हणते, सैल केलं कुणी? भीतीनं मन उठतं हो, पण आखडलेला सांधा नुसत्या भीतीनं उठत नाही.

मिरची आता पुढच्या ऐसपैस पडवीत असते, अंगावर जाड झूल, पायाखाली ढीगभर गवत. भट्टीच्या कोमट भिंतीपाशी आत्याची खाट लावलीय. भाचा म्हणतो, ती अडकली तर हाक तरी मारेल. आणि खरंच, दिवसातून दहादा मारते, अडकलेली नसतानाही.

मिरचीला हाक मारता येत नाही. म्हणून सूनबाई दर खेप भट्टीत सारली की पडवीत जाऊन एकदा डोकावून येते. पुठ्ठ्यावर हात ठेवते, पाय बघते, नाकाशी बोट नेते. मिरची तिला चावायला बघते. दोघींचं बरं चाललंय.

मित्रांनो, तुमच्याकडंही असं कुणीतरी असेलच, ज्याला हाक मारता येत नाही. गोठ्यात असेल, पिंजऱ्यात असेल, खुंट्याला असेल. ऊब द्या, औषध द्या, शेक द्या, तुम्हाला जे सुचेल ते द्या. पण देऊन झाल्यावर पुन्हा एकदा जाऊन बघा, ते नीट उभं आहे का.

आणि येता येता या खिळ्याकडंही मान वळवा. माझी शिवण अजून तशीच उसवलेली आहे. आत्याचा चष्मा हरवलाय आणि सुई कुठं ठेवलीय ते मला माहीत आहे, पण तिला सांगू कशी?